कातडीतली घरची माणसं

पट्टी सोडली की चाचा आधी जखम बघत नसत. पट्टी नाकाशी नेत. डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि मग निकाल सांगत. "घरची माणसां कामाला लागलीत." किंवा, "आज घरची माणसां रुसलीत. काल काय केलंत?" नव्या पेशंटला वाटे, हे आपल्या बायकामुलांची चौकशी करताहेत. एका बाईंनी तर डोळ्याला पदर लावून सासूचं सगळं गाऱ्हाणं त्यांना सांगून टाकलं होतं. चाचांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, कारण तेवढ्या वेळात त्यांची पट्टी बांधून होत होती.

तुमच्यापैकी जे कोणी भाजलेला हात नाहीतर पाठीवरचं गळू घेऊन रत्नागिरीतल्या त्या खाजगी इस्पितळात गेले असतील, त्यांना चाचा आठवतील. इमारतीच्या मागे जनरेटरला लागून ड्रेसिंगची खोली होती. तिथे उंच, जरासे वाकलेले, मेंदीनं रंगवलेल्या दाढीचे चाचा एका लोखंडी स्टुलावर बसलेले असत. खिशावरच्या पाटीवर 'मदतनीस' असं लिहिलेलं. कागदोपत्री त्यांचं काम स्ट्रेचर ढकलायचं होतं. प्रत्यक्षात पंचवीसेक वर्षं शहराच्या बहुतेक जखमा त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. शिक्षण उर्दू शाळेत चौथीपर्यंत, आणि ड्रेसिंगचं कसलंही प्रमाणपत्र नाही. हे सर्जनसाहेबांना माहीत होतं, सिस्टरांना माहीत होतं, पेशंटांनाही माहीत होतं. कोणी ते बोलत नव्हतं, एवढ्या आधारावर चाचांचं स्टूल तिथे होतं.

जखम बघून ते माणसाचा धंदा सांगत. बोटांची टोकं काळी पडून सोललेली असली की काजूच्या कारखान्यातली बाई. गालावर चट्टा असला की आंबे उतरवणारा, देठाचा चीक उडालेला. तळहाताला खोल भोक आणि माणूस अगदी गप्प, म्हणजे बंदरावरचा, शिंगाळा माशाचा काटा घुसलेला. "शिंगाळा लागला की माणूस ओरडत नाय," ते सांगत, "ओरडायला श्वास राहात नाय." मी मात्र त्यांच्या कुठल्याच खान्यात बसलो नाही. माझा पाय बघून त्यांनी विचारलं, "तुमी करता काय?" मी म्हटलं, जीवशास्त्र शिकवायचो. त्यावर ते कापूस भिजवायला लागले, आणि ते मला जास्त लागलं.

आता माझी गोष्ट सांगतो. ज्युनियर कॉलेजात बत्तीस वर्षं नोकरी झाली आणि मधुमेह होऊन बारा वर्षं. मधुमेहात पावलांची संवेदना जाते, म्हणून अनवाणी चालू नये, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. आणि शिमग्याला पावसजवळच्या माझ्या गावी देवीची पालखी निघाली, तेव्हा मी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि भर दुपारी कातळावरून दीड तास पालखीला खांदा दिला. पालखी काय चपला घालून उचलायची? वर मार्चचं ऊन, खाली तापलेला जांभा. बरोबरचे लोक उड्या मारत सावली गाठत होते आणि मी एकटा शांतपणे चालत होतो. पुतण्या म्हणाला, "काका, देवीनं तुमाला उचलून धरलंय." मलाही तसंच वाटलं. घरी आल्यावर बायकोनं पायपुसण्यावरचा ओला डाग दाखवला, तेव्हा उजव्या अंगठ्याखालचं कातडं फोड येऊन फुटलंय हे मला कळलं.

एका मूर्खपणावर थांबलो असतो तर मी मास्तर कसला? औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली आणि दिवसातून चार वेळा जखमेवर ओतू लागलो. पांढरा फेस यायचा. फेस आला म्हणजे जंतू मेले, असा माझा हिशेब. आठवड्यात जखमेची कड काळी पडली. सर्जनसाहेबांनी पाय वरखाली करून बघितला. "सर, साखर ताब्यात आणू, इंजेक्शनं देऊ, दहा दिवस बघू. नाही भरलं तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर भागलं तर बरं म्हणायचं." एवढं बोलून त्यांनी मला मागच्या खोलीत पाठवलं.

चाचांनी पट्टी हुंगली. "काय ओतलंत ह्याच्यावर?"

मी जरा रुबाबातच नाव सांगितलं.

"चोर पकडायला घराला आग लावलीत, सर. चोर पळाला. घरची माणसां जळली."

ही घरची माणसं कोण, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या इस्पितळात पूर्वी वर्षभर एक तरुण डॉक्टर नोकरीला होती, देवरूखकडची. पुढच्या परीक्षेचा अभ्यास ती दुपारी ड्रेसिंगच्या खोलीत बसून करायची, कारण इस्पितळातला बरा पंखा तिथे होता. तिला मोठ्यानं वाचायची सवय, आणि चाचांना ऐकायची. वर्षअखेरीस ती परीक्षेत पास होऊन निघून गेली. चाचांकडे टी पेशी राहिल्या.

"टी पेशी ठाऊक हायत ना तुमाला?" त्यांनी मला विचारलं. मला. ज्यानं बत्तीस वर्षं फळ्यावर टी पेशी काढल्या, चार गुणांसाठी. मी त्यांना थोडक्यात धडा दिला. जंतू शरीरात शिरला की पहारेकरी पेशी त्याचा तुकडा उचलतात, जवळच्या गाठीत नेतात, तिथल्या टी पेशींना दाखवतात. ज्या टी पेशीला तो तुकडा ओळखता येतो ती वाढते, तिच्यासारख्या हजारो तयार होतात आणि लढायला निघतात. ह्याला काही दिवस लागतात.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं, सासूचं गाऱ्हाणं ऐकावं तसं. मग म्हणाले, "ह्या तुमच्या कुवेतच्या."

"कुवेतच्या म्हणजे?"

"आमी चार भाऊ. तिघं कुवेतला, मी हितं. घरात चोर शिरला तर मी फोन करणार. ते बोलणार, फोटो पाठव. फोटो बघणार, रजा मागणार, तिकीट काढणार. चवथ्या दिवशी येतील. आले की चोराला असा धोपटतील, त्याला मी 'नाय' बोलत नाय. पण तवर दार कोण धरून बसला?"

"तुम्ही."

"तशा काय टी पेशी हायत. कातडीत, आतड्यात, फुप्फुसात घर करून ऱ्हातात. फिरत नायत. फोटो मागत नायत. शेजारची पेशी घाबरलेली दिसली की ह्या उठल्या. आणि चोर गेल्यावर मोडलेला दार दुरुस्त करायला पण ह्याच. आजूबाजूच्यांना बोलतात, वाढा, भरून काढा." त्यांनी माझ्या पायावर सलाईनचं पाणी सोडलं. "त्यांना तुमी फेसात घातलात."

घरी जाऊन मी मोबाइलवर शोधलं, चाचांची चूक सापडावी ह्या शुद्ध हेतूनं. सापडली नाही. अशा पेशींना अपारंपरिक टी पेशी म्हणतात. नेहमीच्या टी पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात; ह्यांतल्या काही जंतूंची चरबी ओळखतात, काही जंतूंनी जीवनसत्त्व बनवताना मागे टाकलेला माल ओळखतात, काहींना नुसती संकटात सापडलेली पेशी ओळखू येते. जखम भरायलाही त्या मदत करतात; बरंचसं अजून उंदरांवरच बघितलेलं आहे, पण दिशा तीच. आणि इतकी वर्षं त्यांच्याकडे फारसं कोणी पाहिलं नव्हतं, कारण शास्त्रज्ञ शोधत होते रक्तात, आणि ह्यांच्यातल्या पुष्कळजणी रक्तात थोड्याच दिसतात. त्या आपल्या जागी बसून काम करत होत्या. माझ्या पाठ्यपुस्तकात त्यांच्यावर एक ओळसुद्धा नव्हती. मी बत्तीस वर्षं फक्त कुवेत शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं म्हटलं, "चाचा, पण त्यांची संख्या फार कमी असते."

"घरात ऱ्हाणारे कमीच असतात, सर."

माझे सकाळचे साडेदहा त्यांच्याकडे जाऊ लागले. गेल्या गेल्या ते माझ्या चपला काढून घेत, पट्टीच्या तुकड्यानं एकमेकींना बांधत आणि खिडकीच्या वरच्या खिळ्याला टांगत. रिक्षा दाराशी लागल्याशिवाय चपला खाली येत नसत. जखमेवर पायाचा भार पडू नये म्हणून ही जप्ती. बाकीच्यांवर एवढी कडक नजर नव्हती. "अडाणी माणूस ऐकतो," ते म्हणत, "शिकलेल्याची चप्पल काढून घ्यायला लागते." पुढे त्यांनी स्वतःची एक जुनी रबरी स्लिपर आणली, अंगठ्याखालचा भाग ब्लेडनं गोल कापून काढला आणि मला घालायला दिली. जखम त्या भोकात अधांतरी राहायची. शहरात ती घालून मी हिंडलो, आणि माझे जुने विद्यार्थी ओळख न दाखवता पुढे गेले.

एकदा त्यांनी पट्टी हुंगली आणि परत एकदा हुंगली. "सर, काल रात्री जेवायला काय होता?"

"भाकरी आणि भाजी."

"हापूस की पायरी?"

मी म्हटलं, पायरी. अर्धाच. त्यांनी मान हलवली आणि पट्टी बांधली. आंब्याचा वास पट्टीला येतो की माझ्या चेहऱ्यावर दिसतो, हे मी त्यांना विचारलं नाही.

ह्याच सुमारास सर्जनसाहेब तीन दिवस मुंबईला परिषदेला गेले. जाताना माझ्या जखमेवर लावायला एक जहाल मलम लिहून गेले. पहिल्या दिवशी ते लावलं. दुसऱ्या दिवशी चाचांनी पट्टी सोडली, हुंगली, कडेला बोट फिरवलं आणि ट्यूब माझ्या शर्टाच्या खिशात घातली. "ही घरी ठेवा."

"साहेबांनी लिहून दिलंय."

"साहेबांनी परवाची जखम बघून लिवला. ही आजची हाय. ह्या मलमानं नवा मांस जळतोय."

"ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारा तरी."

"विचारला. ते बोलले, साहेब येतील तवा बघू." त्यांनी हात धुतले. "साहेब परवा येतील. घरची माणसां परवापर्यंत थांबायची नायत."

मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. म्हटलं, "चाचा, अंगठा माझा आहे." ते म्हणाले, "म्हणून तर तुमाला सांगून करतोय." बाकी इंजेक्शनं, साखरेचं औषध सगळं चालू होतं, बदललं ते फक्त मलम. त्याच्या जागी खाऱ्या पाण्यात भिजवलेली मऊ जाळीची पट्टी आली. लिहून दिलेलं औषध कोणाच्याही सांगण्यावरून बंद करावं, असं मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. मी बंद करू दिलं. माझा सर्जनसाहेबांवर विश्वास होता. चाचांवर जास्त होता.

साहेब परत आले त्या दिवशी जखमेच्या तळाला डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल मांस धरलं होतं. साहेबांनी बघितलं, खूश झाले, आणि फाईलमध्ये लिहिलं की नवीन मलमानं चांगली सुधारणा. चाचा तेवढा वेळ पंख्याकडे बघत होते. दहा दिवसांची मुदत टळली, अंगठा राहिला, आणि पुढच्या दोन महिन्यांत जखम पूर्ण बुजली. आज मी दोन्ही पायांवर चालतो ते त्या ट्यूबमुळे, जी अजून माझ्या कपाटात आहे.

आता ह्या गोष्टीतला खरा पराक्रम सांगायचा, तो माझा आहे.

इस्पितळाला मानांकन हवं होतं. त्यासाठी बाहेरून तपासणीचे लोक येणार होते. भिंती रंगवल्या, पाट्या लागल्या, प्रत्येकाच्या गळ्यात ओळखपत्र आलं. पायाची तपासणी करून घ्यायला मी गेलो तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "तपासणीचे दोन दिवस चाचांना वरच्या स्टोअरमध्ये बसवायचं ठरलंय. कोणी विचारलं तर ते फक्त स्ट्रेचर ढकलतात. साहेबच म्हणाले, दोन दिवस निघाले की झालं."

साहेबांनी त्यांच्या परीनं चाचांना सांभाळलंच होतं, हे मला आज कळतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. शाळा-कॉलेजात तपासणी असली की आम्ही हुशार मुलगा पहिल्या बाकावर बसवायचो. इथे पहिल्या नंबराला स्टोअरमध्ये कोंडणार होते. मी घरी आलो, फुलस्केप कागद काढला आणि माझ्या उत्तम अक्षरात तीन पानी पत्र लिहिलं. चाचांचं नाव, त्यांचं शिक्षण, प्रमाणपत्र नसतानाचं त्यांचं ज्ञान, मलमाचा प्रसंग, सगळं तारीखवार. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, "छान आहे. पण द्यायलाच हवं का?" मी म्हटलं, खऱ्याला भीती कसली. दुसऱ्या दिवशी ते मी स्वतः नेऊन काउंटरवर दिलं आणि अभिप्रायांच्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावून घेतलं. तपासणीच्या लोकांनी पहिलं तेच वाचावं, अशी माझी योजना होती.

योजना तंतोतंत पार पडली. त्यांनी पहिलं तेच वाचलं. चाचांना स्टोअरमधून खाली बोलावलं. त्यांनी विचारलं, हे खरं आहे का, आणि चाचा म्हणाले, "सरांनी लिवलंय तर खराच असणार." महिनाअखेरीला चाचा इस्पितळातून गेले. मानांकन मिळालं, प्रवेशद्वारात त्याची पाटी आहे.

ड्रेसिंगच्या खोलीत आता एक शिकलेली मुलगी असते. चांगली आहे, हात हलका आहे, सगळं लिहून ठेवते. तिचा काहीही दोष नाही. तिनं माझा पाय बघून विचारलं, "काका, कोणी केलं होतं ड्रेसिंग?" मी म्हटलं, आठवत नाही. तिथे चाचांचं नाव न घेण्याची अक्कल मला आली होती, फक्त थोडी उशिरा.

चाचांकडे जायला मला दोन महिने लागले. अंतर काही फार नव्हतं. जयगडच्या रस्त्यावर खाडीकाठचं गाव, एसटीनं दीड तास. लागलेला वेळ भ्याडपणाचा. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्य त्या पत्रासारखंच अलंकारिक होत होतं.

ते पडवीत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली, सुनेला सरबत करायला सांगितलं. दाढीची मेंदी उतरून पांढरे केस दिसायला लागले होते. मी बसलो आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. तिथे काचेच्या तीन चौकटींत, एकाखाली एक, माझी तीन पानं लावलेली होती.

"हापिसातल्या पोरीनं दिला मला निघताना," ते म्हणाले. "बोलली, चाचा, ह्यात तुमचंच हाय सगळां."

"चाचा, त्या पत्रामुळे तुमचं काम गेलं."

"ठाऊक हाय."

"मी लिहायला नको होतं."

"खोटा काय लिवलात?" ते म्हणाले. मग हळू आवाजात, "पंचवीस वर्सं काम केला. माझ्या कामाचा कागद ह्योच एक." मी जुळवून आणलेल्या वाक्यांतलं एकही मला आठवेना.

सून सरबत घेऊन आली. तिला बघून ते म्हणाले, "ही वाचून दाखवते. पण भरभर वाचते, बाजाराची यादी वाचावी तशी. सर, तुमी वाचा. ज्यानं लिवला त्याच्या तोंडून ऐकतो."

मी उठलो, चौकटींसमोर उभा राहिलो आणि वर्गात वाचायचो तसं, ठाय लयीत वाचायला लागलो. प्रत्येक वाक्याशी मला दिसत होतं, कोणत्या ओळीनं त्यांचं किती नुकसान केलं ते. चाचा डोळे मिटून ऐकत होते. दुसऱ्या पानाच्या मध्यावर आलो. "'त्यांनी कोणत्याही वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता, केवळ स्वतःच्या निर्णयाने, लिहून दिलेले मलम थांबवले आणि माझा पाय वाचवला.'"

त्यांनी हात वर केला. मी थांबलो.

"निर्णय म्हणजे," त्यांनी विचारलं, "डॉक्टर करतात, तसाच ना?"

"तसाच."

ते सुनेकडे बघून हसले. मग डोळे पुन्हा मिटले आणि म्हणाले, "तेवढां परत वाचा."